इसीयू बदलण्याआधी: जुन्या आलिशान गाडीतल्या इंजिन संगणकाचे दोष कसे तपासावेत

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर ती इथेच लक्षात येईल. तुमच्याकडे १९९९ सालची, व्ही-८ पेट्रोल इंजिनाची आलिशान सेडान आहे. गार असताना ती पहिल्याच सेल्फला सुरू होते आणि वीस-पंचवीस मिनिटे बिनतक्रार चालते. इंजिन पुरते तापले की आयडलिंग डळमळू लागते, गिअरबॉक्स लिम्प मोडमध्ये, म्हणजे दोष जाणवल्यावरच्या बचावाच्या अवस्थेत, जाऊन एकाच गिअरमध्ये अडकतो आणि थोड्या वेळाने गाडी बंद पडते. बॉनेट उघडून अर्धा-पाऊण तास थांबले, की काही घडलेच नव्हते अशा थाटात ती पुन्हा सुरू होते. स्कॅनरवर दर वेळी वेगळे कोड दिसतात: कधी क्रँक सेन्सर (इंजिनाचे फिरणे मोजणारा), कधी थ्रॉटल पोझिशन, कधी कूलंटचे तापमान, दोन्ही बँकांचे, म्हणजे सिलिंडरांच्या दोन्ही रांगांचे, मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी) असल्याचे पी ०१७१ आणि पी ०१७४, शिवाय गिअरबॉक्सच्या युनिटशी संपर्क तुटल्याची नोंद. ऑक्सिजन सेन्सर आणि क्रँक सेन्सर बदलून झाले आहेत. आता दोन वर्कशॉपांनी ‘इंजिनाचा संगणक गेला’ असा निर्वाळा दिला आहे, दुसऱ्या गाडीतून काढलेला इसीयू, म्हणजे हाच संगणक, मिळतो आहे आणि तो बसवावा का, असे तुम्ही विचारता.

आत्ता बसवू नका. तुमचा इसीयू निर्दोष आहे असे मी इथून सांगू शकत नाही, कदाचित तो खरोखर बिघडलेलाही असेल. परंतु तुम्ही दिलेल्या माहितीत त्याच्याविरुद्ध एकही थेट पुरावा नाही. त्याला पुरेसे व्होल्टेज मिळते का, त्याचा अर्थ (म्हणजे चेसिसमार्गे बॅटरीच्या ऋण टोकाशी असलेली जोडणी) पक्का आहे का, आणि सेन्सरांना तो जो पाच व्होल्टचा पुरवठा करतो तो गाडी बंद पडलेल्या क्षणी शाबूत असतो का, या तीन गोष्टी अजून कुणीच मोजलेल्या दिसत नाहीत. त्या मोजल्याशिवाय इसीयू बदलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे. माझ्याकडे ‘इसीयू गेला’ म्हणून आलेल्या बहुतेक गाड्यांत दोष इसीयूच्या बाहेर निघाला आहे, आणि ज्यांत तो खरोखर गेला होता त्यांतही त्याला मारणारे कारण अनेकदा बाहेरच होते.

काही गोष्टी तुमच्या गाडीची नेमकी बनावट आणि ती कोणत्या बाजारपेठेसाठी तयार झाली यांवर अवलंबून आहेत. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींना ओबीडी-२ ही सामाईक निदान पद्धत १९९६ च्या मॉडेलांपासून बंधनकारक झाली, तर युरोपात पेट्रोल गाड्यांना तशी सक्ती २००१ पासून लागू झाली. त्यामुळे १९९९ च्या युरोपीय बनावटीच्या गाडीत डॅशबोर्डखाली सोळा पिनांचे सॉकेट असले, तरी आत कंपनीची स्वतःची भाषा चालत असू शकते. काही बीएमडब्ल्यू गाड्यांत वीस पिनांचे गोल सॉकेट आणि काही मर्सिडीजमध्ये अडतीस पिनांचे सॉकेट बॉनेटखाली असते, आणि सविस्तर माहिती तिथूनच मिळते. सर्वसाधारण स्कॅनर अशा गाडीत अर्धीच गोष्ट सांगतो, आणि काही वेळा कंपनीचा कोड ओढूनताणून सामाईक कोडमध्ये बसवून दाखवतो. तेव्हा पहिली अट ही, की तुमच्या गाडीशी तिच्याच भाषेत बोलणारा स्कॅनर मिळवा आणि सगळ्या युनिटांचे कोड, ते कोणत्या क्रमाने आले आणि त्या वेळी इंजिनाचे तापमान व आरपीएम किती होते, हे कागदावर उतरवून घ्या. कोड पुसण्याची घाई करू नका, कारण त्यांच्यासोबत साठवलेली त्या क्षणाची आकडेवारीही पुसली जाते.

आता कोड वाचायचे कसे, हे पाहू. कोड एखाद्या सर्किटकडे बोट दाखवतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर, त्याची तार, कनेक्टर, अर्थ आणि इसीयूची पिन असे सगळेच येते. कूलंट तापमानाच्या सेन्सरचे उदाहरण घ्या. तो दोन तारांचा साधा रोध असतो, जो तापला की कमी होतो: अनेक गाड्यांत २० अंश सेल्सिअसला दोन-अडीच हजार ओम, आणि ८० अंशांला साधारण तीनशे ओम. इसीयू आतल्या एका रोधातून त्याला पाच व्होल्ट देतो आणि मध्ये किती व्होल्ट उरले, यावरून तापमान ठरवतो. तार तुटली तर पूर्ण पाच व्होल्ट दिसतात, आणि इसीयू प्रामाणिकपणे समजतो की इंजिन उणे ४० अंशांवर आहे. म्हणून कोड आला की सेन्सर विकत आणण्याआधी एक प्रयोग करावा. स्कॅनरवर कूलंटचे तापमान समोर ठेवा आणि सेन्सरचे कनेक्टर काढा: आकडा उणे ४० च्या आसपास घसरला पाहिजे. मग कनेक्टरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडा: आकडा १३० च्या वर उडाला पाहिजे. दोन्ही झाले, तर तार आणि इसीयू दोघेही ठीक आहेत आणि सेन्सरच संशयित उरतो. झाले नाही, तर नवा सेन्सर बसवूनही कोड परत येणारच होता. हा प्रयोग फक्त दोन तारांच्या तापमान सेन्सरवर करायचा; तीन तारांच्या सेन्सरच्या पिना अशा जोडल्या तर नसलेला दोष निर्माण होईल.

तुमच्या बाबतीत एकेका कोडचा असा पाठलाग करण्याआधी यादी एकत्र पाहायला हवी. थ्रॉटल, कूलंट, क्रँक आणि गिअरबॉक्सचा संपर्क हे चार सुटे भाग एकाच महिन्यात, आणि तेही फक्त तापल्यावर, बिघडतील हे पटण्यासारखे नाही. त्यांच्यात सामाईक काय आहे? थ्रॉटल सेन्सर आणि तसेच काही इतर सेन्सर पाच व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर चालतात. त्यांच्यातला एखादा आतून शॉर्ट झाला, किंवा त्याची तार गरम पाइपावर घासून उघडी पडली, तर तो बाकीच्यांचाही पुरवठा खाली ओढतो. क्रँक सेन्सर जुन्या चुंबकीय प्रकारचा असेल तर त्याला बाहेरून पुरवठा लागतच नाही, तो स्वतःच व्होल्टेज निर्माण करतो. हॉल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, प्रकारचा असेल तर लागतो. गिअरबॉक्सचा संपर्क मात्र पाच व्होल्टच्या त्या पुरवठ्यावर नसतोच. हे सगळे एकाच वेळी कोलमडवणारी गोष्ट म्हणजे इसीयूला मिळणारी वीज, त्याचा अर्थ, किंवा इसीयू स्वतः. तिघांत इसीयूचा क्रम शेवटचा, कारण पहिल्या दोघांची तपासणी मल्टिमीटरने अर्ध्या तासात होते.

सुरुवात बॅटरीपासून करा, जरी ते बाळबोध वाटले तरी. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना दहाच्या खाली न जाता, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. मल्टिमीटर एसीवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अल्टरनेटरचा डायोड गेल्याचा संशय घ्यावा. डीसीवर तो अल्टरनेटर ठणठणीत दिसू शकतो, पण त्याची लहर सेन्सरांच्या सिग्नलांत मिसळून अगदी असेच गोंधळलेले कोड निर्माण करते. आलिशान गाड्यांत बॅटरी बऱ्याचदा डिकीत किंवा मागच्या सीटखाली असते आणि इंजिनापर्यंत लांबलचक केबल जाते, त्यामुळे बॅटरीवरचा आकडा आणि इंजिनाजवळचा आकडा वेगळा निघू शकतो. दोन्ही ठिकाणी मोजा.

यापुढची तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच वगळली जाते. अर्थ तपासायचा म्हणून अनेक जण मल्टिमीटर ओमवर ठेवतात, ०.२ ओम पाहतात आणि पुढे जातात. मल्टिमीटर त्या वेळी तारेतून नगण्य प्रवाह सोडत असतो. वीस धाग्यांच्या तारेतले एकोणीस धागे तुटलेले असले तरी उरलेला एक धागा तेवढा प्रवाह सहज वाहून नेतो. खरी परीक्षा ओझे टाकल्यावर होते. इंजेक्टर आणि कॉइल यांचा परतीचा प्रवाह इसीयूमधून त्याच्या अर्थ पिनांवर येतो, आणि तिथे दहा अँपिअरला ०.१ ओम रोध असेल तरी एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. म्हणून इंजिन चालू ठेवा, हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन थेट बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल पिन इसीयूच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने अर्थच्या तारेला टेकवा. ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसले पाहिजे. ०.३ दिसले तर दोष सापडला असे समजून त्या तारेमागे लागा. मग तीच मोजणी पुरवठ्याच्या बाजूने: बॅटरीचे धन टोक आणि इसीयूची पुरवठ्याची पिन यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे वाटेल. आत शिरणारी हवा मोजणारे अनेक एअरफ्लो मीटर आयडलिंगला साधारण एक व्होल्टचा सिग्नल देतात. ज्या अर्थाच्या आधारे इसीयू हा सिग्नल मोजतो तोच ०.३ व्होल्ट वर उचलला गेला, तर मोजमापात तीस टक्क्यांची चूक झाली. संगणकाने त्यावर केलेले गणित अचूक असूनही उत्तर चुकणारच.

एक गाडी आठवते. अशीच मोठी सेडान, आधीच्या ठिकाणी दोनदा इसीयू बदललेला, मालक ती भंगारात काढायच्या विचारात. इसीयूच्या अर्थ पिनेवर गार असताना ०.०६ व्होल्ट दिसले आणि मीही क्षणभर दुसरीकडे वळणार होतो. इंजिन तापेपर्यंत पिना तशाच ठेवल्या. पंचवीस मिनिटांनी आकडा ०.२ झाला, रेडिएटरचा पंखा सुरू होताच ०.७४, आणि त्याच क्षणी आयडलिंग थरथरू लागले. त्या अर्थच्या तारेचा माग काढला तेव्हा ती एअर फिल्टरच्या डब्याखाली चेसिसला बोल्टने जोडलेली सापडली. चार तपकिरी तारा एका रिंगमध्ये दाबलेल्या, वरून सगळे स्वच्छ. बोल्ट काढला तेव्हा रिंगची खालची बाजू राखेसारखी करडी पडलेली होती आणि बोल्टखालच्या पत्र्यावर रंगाचा थर होता. पूर्वी कधीतरी डेंटिंग-पेंटिंग करताना रंग तसाच ठेवून बोल्ट आवळला गेला असावा. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवी रिंग दाबून बसवली, वरून थोडी पेट्रोलियम जेली लावली. आकडा पंखा चालू असतानाही ०.०४ राहिला आणि ती गाडी पुन्हा त्या तक्रारीसाठी आली नाही. इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी जाड विणलेली पट्टीही अशीच पाहून घ्या. ती कुजली की स्टार्टरचा प्रवाह मिळेल त्या बारीक तारेतून वाट काढतो.

पुरवठ्याच्या बाजूला मुख्य संशयित म्हणजे इसीयूचा मेन रिले, म्हणजे त्याला वीज जोडणारा विद्युत स्विच. त्याचे आतले संपर्कबिंदू वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी काळे पडतात, सोल्डरला बारीक वर्तुळाकार भेग जाते, आणि तापून पसरल्यावर संपर्क सुटतो. तुमच्या तक्रारीशी हे तंतोतंत जुळते. इंजिन आयडलिंगला असताना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रिलेवर हलके ठोकून पाहा. गाडी आचका देत असेल तर उत्तर मिळाले. त्याच भाग क्रमांकाचा दुसरा रिले त्याच फ्यूज बॉक्समध्ये असेल तर दोघांची अदलाबदल करून पाहणे हीसुद्धा फुकटची तपासणी आहे. खालच्या सॉकेटमधल्या पिना सैल किंवा तांबूस झालेल्या नाहीत ना, तेही बघावे.

मग पाणी आणि तेल. बऱ्याच आलिशान गाड्यांत इसीयू पुढच्या काचेखालच्या पन्हळीतल्या डब्यात असतो. पन्हळीची भोके पालापाचोळ्याने बुजली की पाणी साचून डब्यात शिरते. काही गाड्यांत तो पायाशी, कार्पेटखाली असतो आणि सनरूफच्या तुंबलेल्या नळ्यांचे पाणी तिथवर पोहोचते. तेलाची वाट आणखी विचित्र आहे. कॅम सेन्सर किंवा ऑइल प्रेशर स्विच आतून गळू लागला, की तेल तारेच्या धाग्यांमधून दिव्याच्या वातीसारखे चढत जाते आणि काही महिन्यांनी थेट इसीयूच्या कनेक्टरमध्ये उगवते. कनेक्टर उघडल्यावर पिनांवर हिरवट पूड दिसली तर पाणी, आणि बोटाला चिकट ओल लागली तर तेल. दोन्ही बाबतींत नुसते पुसून भागणार नाही. ते आले कुठून, हे शोधावेच लागेल.

वायरिंगच्या बाबतीत तुमच्या गाडीचे वय हेच मोठे कारण आहे. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या अनेक मर्सिडीज गाड्यांच्या इंजिन हार्नेसचे (तारांच्या जुडग्याचे) आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते, हे या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे, पण वीस-पंचवीस वर्षे एक्झॉस्टजवळ तापलेली कुठलीही वायरिंग कमी-अधिक त्याच वाटेने जाते. इंजिन बंद करून, कनेक्टरच्या तोंडाशी असलेली रबरी टोपी मागे सरकवून एखादी तार हलकेच वाकवा. आवरणाला वाळलेल्या सालीसारखे तडे गेले तर पुढचे कोड वाचण्यात वेळ घालवू नका, आधी हार्नेस दुरुस्त करा. आवरण शाबूत वाटले, तर इंजिन चालू ठेवून, पट्टे आणि पंखा सांभाळून, हार्नेस थोडा थोडा हलवत जा आणि दुसऱ्याला स्कॅनरवरचा आलेख पाहायला सांगा.

एवढे करूनही काही सापडले नाही तर गाडी बंद पडण्याची वाट पाहायची. बंद पडल्यानंतरची पहिली दहा मिनिटे अत्यंत मोलाची असतात, आणि नेमकी तीच टोइंगसाठी फोन करण्यात जातात. साधने आधीच जोडून ठेवा आणि गाडी बंद पडली की किल्ली चालू ठेवून पाहा, स्कॅनर इंजिनाच्या इसीयूशी बोलतो का. बोलत नसेल, तर थ्रॉटल सेन्सरच्या कनेक्टरवर पाच व्होल्ट आहेत का ते मोजा. तेही नसतील, तर मेन रिलेच्या बाहेर पडणाऱ्या तारेवर आणि इसीयूच्या पिनांवर पुरवठा व अर्थ त्याच क्षणी मोजा. दोन्ही शाबूत असतील, तर त्या पुरवठ्यावरचे सेन्सर एकेक करून काढत जा. एखादा काढताच पाच व्होल्ट परत आले, तर दोषी तोच. सगळे काढले, तारांतही शॉर्ट नाही आणि तरीही पाच व्होल्ट नाहीत, तेव्हाच इसीयूविरुद्ध पहिला खरा पुरावा तुमच्या हाती आला.

याउलट स्कॅनर बोलतो, पाच व्होल्टही आहेत, पण सेल्फ मारताना आरपीएम शून्य दिसतो, तर क्रँक सेन्सरच. तो बदललेला आहे हे मी विसरलेलो नाही. पण नव्या सेन्सरचे कनेक्टर जुनेच असते, त्याची तार एक्झॉस्टच्या जवळून जाते आणि हुबेहूब दिसणारे नकली सेन्सर तापल्यावर दगा देतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. सेन्सरवर थोडे गार पाणी टाकल्यावर गाडी लगेच सुरू झाली तर शंका फिटली. आरपीएम दिसतो आणि गाडी मात्र सुरू होत नाही, तर इंधनाचा दाब आणि ठिणगी यांच्याकडे वळा.

पातळ मिश्रणाचे दोन कोड मी मुद्दाम बाजूला ठेवले आहेत, कारण तो स्वतंत्र आजार असण्याची शक्यता मला जास्त वाटते. इतक्या जुन्या गाडीत दोन दोष एकत्र नांदणे हे नित्याचेच आहे. ऑक्सिजन सेन्सर ‘मिश्रण पातळ आहे’ असे सांगत होते आणि निरोप आणणाऱ्यालाच बदलण्यात आले. दोन्ही बँकांवर तक्रार आहे म्हणजे कारण दोघींना सामाईक आहे. स्कॅनरवर फ्यूल ट्रिम, म्हणजे इसीयू इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, पाहा: आयडलिंगला ते अधिक वीस टक्क्यांजवळ असून २५०० आरपीएमला दहाच्या खाली येत असेल, तर कुठल्या तरी कडक झालेल्या रबरी नळीतून किंवा इनटेकच्या गास्केटमधून बाहेरची हवा आत शिरते आहे, आणि आत धूर सोडून गळती दाखवणाऱ्या यंत्राने ती जागा लगेच दिसेल. भार वाढेल तसे ट्रिमही वाढत असेल, तर इंधनाचा दाब किंवा एअरफ्लो मीटर पाहा. वर सांगितलेला अर्थचा दोष यातही डोकावू शकतो, म्हणून आधी तो निकाली काढावा आणि मगच ट्रिमवर विश्वास ठेवावा.

गिअरबॉक्सशी तुटणाऱ्या संपर्काबद्दल थोडेसेच. तुमच्या गाडीत ही दोन युनिटे बहुधा कॅन बसने, म्हणजे बॉशने १९८६ मध्ये सादर केलेल्या पीळ घातलेल्या दोन तारांच्या जोडणीने, बोलतात. बॅटरी सोडवून त्या दोन तारांमध्ये रोध मोजला, तर दोन टोकांच्या १२० ओमच्या रोधांमुळे ६० ओमच्या आसपास आकडा यावा. १२० आला तर एका बाजूची जोडणी तुटली आहे. ६० आला आणि तरीही संपर्क तुटतो, तर तापल्यावर इसीयू स्वतःच निद्रिस्त होत असावा, आणि आपण पुन्हा पुरवठ्याच्या प्रश्नापाशी येतो.

आता समजा सगळे मोजून झाले आणि इसीयूच दोषी ठरला. त्याच्या मरण्याचे प्रकार मोजके आहेत. पहिला म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर: त्यांच्यातला द्रव कालांतराने गळतो आणि सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातो. पहिल्या पिढीची लेक्सस एलएस ४०० या बाबतीत सर्वपरिचित आहे. कपॅसिटरभोवती दर दहा अंशांनी तापमान वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, त्यामुळे इंजिनाशेजारच्या डब्यातले इसीयू लवकर थकतात. झाकण उघडल्यावर कुजक्या मासळीसारखा वास आला किंवा कपॅसिटरच्या पायाशी तपकिरी डाग दिसला, तर ओळख पटली. दुसरा प्रकार म्हणजे जड भागांच्या पायाशी सोल्डरला गेलेली भेग, जी तापल्यावर उघडते. हेअर ड्रायरने इसीयू माफक तापवून दोष मुद्दाम आणता येतो का, हे टेबलावरच पाहता येते. तिसरा प्रकार म्हणजे कॉइल किंवा इंजेक्टर चालवणारा ट्रान्झिस्टर, म्हणजे ‘ड्रायव्हर’, जळणे.

या तिसऱ्या प्रकारात माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका गाडीचा एक सिलिंडर बंद होता, इसीयूमधला ड्रायव्हर जळलेला स्पष्ट दिसत होता, म्हणून मी दुसरा इसीयू बसवून गाडी दिली. पाचव्या दिवशी ती परत आली, तोच सिलिंडर बंद आणि तोच ट्रान्झिस्टर जळलेला. कॉइल तापल्यावर आतून शॉर्ट होत होती आणि मी ती मोजलीच नव्हती. त्या इसीयूचा भुर्दंड मला भरावा लागला. तेव्हापासून ड्रायव्हर जळलेला दिसला, की त्या तारेवरची कॉइल किंवा इंजेक्टर तापलेल्या अवस्थेत मोजल्याशिवाय मी नवा इसीयू हातात घेत नाही. अनेक इंजेक्टर १२ ते १६ ओमचे असतात. सात भावंडे १४ दाखवत असताना आठवा ४ दाखवत असेल, तर वेगळे काही शोधायची गरज नाही.

इसीयू खरोखर बिघडला असेल, तरी जुना दुसरा बसवण्यापेक्षा तुमचाच दुरुस्त करून घेणे मला श्रेयस्कर वाटते. दुसऱ्या गाडीतून काढलेला इसीयू तितकाच म्हातारा असतो, त्याचे कपॅसिटरही तेवढीच वर्षे तापलेले असतात. शिवाय १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, इसीयूशी जोडलेला असतो: परका इसीयू किल्ली ओळखत नाही, सेल्फ फिरतो पण इंजेक्टर उघडत नाहीत, आणि लोक त्यालाही ‘खराब’ समजून परत करतात. भाग क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला, तरी जुन्या इसीयूमधल्या मेमरी चिपचा डेटा नव्यात उतरवावा लागतो किंवा दोन्ही युनिटांची कंपनीच्या साधनाने जुळणी करावी लागते. तो डेटा कसा उतरवायचा, हे त्या विशिष्ट मॉडेलवर अवलंबून आहे, आणि ते काम टेबलावर इसीयू दुरुस्त करणाऱ्यालाच करू द्यावे.

तपासणीत काही पथ्ये पाळा. बल्बची टेस्ट लॅम्प इसीयूच्या तारांना लावू नका, तिचा प्रवाह ड्रायव्हर जाळू शकतो. तारेच्या आवरणात सुई खुपसू नका. आज केलेले भोक काही महिन्यांनी तार कुजवते. इसीयूचे कनेक्टर काढण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडवा, आणि त्याआधी रेडिओचा कोड जवळ आहे याची खात्री करा. पिवळी कनेक्टर एअरबॅगची असतात, त्यांना हात लावू नका. बॅटरी पुन्हा जोडल्यावर इसीयूने थ्रॉटलबद्दल शिकून साठवलेले पुसले गेल्यामुळे पहिली काही मिनिटे आयडलिंग ओबडधोबड राहील. त्याला नवा दोष समजू नका.

थोडक्यात तुमचा क्रम असा: बॅटरी आणि अल्टरनेटर, मग इंजिन तापलेले असताना अर्थ आणि पुरवठ्यावरची व्होल्टेजची घट, मेन रिले, इसीयूच्या कनेक्टरमधली ओल, हार्नेस, आणि शेवटी बंद पडलेल्या गाडीवरची दहा मिनिटांची मोजणी. तुमच्या वर्णनावरून मी पैज लावायची झाली तर आधी मेन रिलेवर आणि मग अर्थच्या बोल्टवर लावीन, पण पैज हरण्याचीही मला सवय आहे. अर्थच्या पिनेवर गार आणि गरम इंजिनाला किती व्होल्ट आले आणि बंद पडल्यावर पाच व्होल्ट होते की नव्हते, हे तीन आकडे कळवलेत तर पुढचे नेमकेपणाने सांगता येईल. तोवर इसीयू विकणाऱ्याला थांबायला सांगा. आणि उद्या बदलण्याची वेळ आलीच, तर ‘जुना द्या, नवा घ्या’ अशा सौद्यात तुमचा मूळ इसीयू देऊन टाकू नका. त्याच्या चिपमध्ये तुमच्या किल्लीची ओळख आहे, आणि डेटा उतरवताना काही चुकले तर परत यायला तेवढीच एक जागा उरते.